घराचा पत्ता आणि किडनीचा आजार

गावकुसाबाहेर राहणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. पाणवठा दूर, शाळा दूर आणि दवाखाना त्याहून दूर. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बांधवांनीही असेच वेगळे राहणे भोगले आहे. त्याची किंमत ते आजही शरीराने मोजत आहेत. ती कशी, हे किडनीच्या आजारावरून आपण पाहू.

अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १३ टक्के. पण डायलिसिसवरच्या रुग्णांत ते जवळजवळ एक तृतीयांश. काही जणांत आनुवंशिक कारणाने धोका वाढतो, हे खरे. पण सारा दोष रक्तावर ढकलता येत नाही.

१९३० नंतरच्या दशकात तिथल्या सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे काढले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर लाल रंग भरला. लाल म्हणजे धोक्याची वस्ती. तिथे घरासाठी कर्ज मिळणे मुश्कील. चांगल्या वस्तीत जावे, तर गोरे घर विकत नसत. १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, घरांबाबतच्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला. नकाशे गेले, वस्त्या मात्र राहिल्या.

किडनीचे दोन मोठे शत्रू म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब. ते वेळीच आवरले तर किडनी वाचते. त्यासाठी जवळ डॉक्टर हवा, ताजी भाजी हवी, विमा हवा. दुर्लक्षित वस्तीत या तिन्हींची वानवा. किडनी बिघडू लागते तेव्हा दुखतही नाही. माणूस दवाखान्यात पोहोचतो तेव्हा उशीर झालेला असतो.

१९७२ च्या कायद्याने डायलिसिसचा बहुतेक खर्च सरकारने उचलला. मोठे काम झाले. तरी आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास यंत्राला जोडलेला माणूस नोकरी कशी सांभाळणार? खरी सुटका नवी किडनी मिळण्यात. पण कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या डायलिसिस केंद्रांतील रुग्णांना त्यासाठी जास्त वाट पाहावी लागते, असे अभ्यासकांना आढळले आहे. किडनी देऊ शकेल असा भाऊही त्याच वस्तीतला, अनेकदा त्याच रक्तदाबाने पिडलेला.

त्यात हिशेबातही भेद. किडनी किती काम करते हे रक्ततपासणीवरून काढताना, रुग्ण कृष्णवर्णीय असला की आकडा १६ ते २१ टक्के वाढवून धरत. नव्या किडनीसाठीचा प्रतीक्षाकाळ आकडा २० वर आला की मोजायला लागतात. ज्याचा आकडा १८, त्याचा कागदावर २१ होई. आजार तोच, पण नंबर लागत नसे. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आणि डॉक्टरांनी प्रश्न विचारले. २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने हा भेद काढून टाकायला सांगितले. २०२३ पासून रुग्णालयांना अशा रुग्णांचा बुडालेला काळ जोडून देणे भाग पडले.

१९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य त्यांनी त्यात सांगितले होते. ते साम्य ओळखून आपणही एवढे करू या. घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासून घ्या. अहवालातला आकडा काय सांगतो, हे डॉक्टरांना विचारायला संकोचू नका. तिकडे प्रश्न विचारला गेला, म्हणूनच चुकीचा आकडा बदलला.