लेख दोनशे, वाट एकही नाही

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत जागा दिली. त्यातले ११ महाराष्ट्रातले, बारावी तमिळनाडूतली जिंजी. अशी बातमी आली की लोक गुगलवर साल्हेर, खांदेरी, सुवर्णदुर्ग शोधणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता समजा, तुमची किल्ल्यांवरची मराठी साइट आहे. दोनशे लेख आहेत. साल्हेरचा लेख जुना, पण मेहनतीने लिहिलेला आहे: वाट, पाण्याची टाकी, परशुरामाचे मंदिर, १६७२ची लढाई, सगळे त्यात आहे. तरीही शोधणाऱ्याला तो सापडत नाही, आणि चार ओळींची बातमी छापणारी साइट वर दिसते. कारणे अनेक असू शकतात. पण पहिले तपासायचे ते हे की, तुमच्याच साइटवरून त्या लेखाकडे जायला किती लिंक आहेत? बऱ्याच वेळा उत्तर येते, दुसऱ्या कोणत्याही लेखातून एकही नाही. तो ‘जुने लेख’ या यादीच्या सतराव्या पानावर पडलेला असतो.

दुसऱ्या साइटने तुमच्याकडे लिंक द्यावी, हे तुमच्या हातात नसते. स्वतःच्या साइटवरच्या लिंक मात्र पूर्णपणे तुमच्या हातात असतात आणि त्यांना पैसेही पडत नाहीत. एसईओच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या बहुतेक गोष्टींपेक्षा हे काम आधी करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुगल पानापर्यंत येतो कसा

गुगलबॉट हा गुगलचा स्वयंचलित वाचक. तो एका पानावरची लिंक धरून दुसऱ्या पानावर जातो. तो लिंकमधला पत्ता वाचतो. माणसासारखी बटणे दाबत बसत नाही. ‘आणखी लेख दाखवा’ हे बटण दाबल्यावरच जर जुने लेख उघडत असतील आणि त्यांच्याकडे जाणारी दुसरी साधी लिंक कुठेच नसेल, तर गुगलबॉट त्या बटणाशी थांबतो. थीम विकणारे हे सांगत नाहीत.

यावर उपाय म्हणून साइटमॅपचे नाव घेतले जाते. एका साइटमॅप फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात, त्यामुळे दोनशे लेखांची यादी देणे सोपेच आहे. पण साइटमॅप फक्त पान अस्तित्वात असल्याचे कळवतो. ते पान महत्त्वाचे आहे का, कशाविषयी आहे, कोणत्या पानांच्या सोबतीचे आहे, हे लिंकवरून कळते. म्हणूनच, ज्या पानाची तुम्हाला किंमत आहे त्याला साइटवरच्या निदान एका पानावरून तरी लिंक असावी, असे गुगलची स्वतःची मार्गदर्शक सूचना सांगते.

आणखी एक खाच मोबाइलची. गुगल आता साइटची मोबाइल आवृत्ती प्रमाण मानतो; हा बदल २०२३मध्ये पूर्ण झाला. लॅपटॉपवर उजव्या बाजूला किल्ल्यांची छान यादी दिसते आणि मोबाइलवर थीम ती काढूनच टाकते, असे असेल तर त्या लिंक नसल्यातच जमा.

पेजरँकचे साधे गणित

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना पेजरँकची कल्पना मांडली; त्यांचा गाजलेला निबंध १९९८चा. कल्पना अशी की, एक काल्पनिक वाचक लिंकवर क्लिक करत भटकतो आहे. ८५ टक्के वेळा तो समोरच्या पानावरची एखादी लिंक घेतो, उरलेल्या १५ टक्के वेळा कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. असा वाचक ज्या पानावर जास्त वेळा पोहोचेल, ते पान वजनदार.

मूळ सूत्रात एका पानाचे वजन त्यावरच्या लिंकमध्ये सारखे वाटले जाते. दहा लिंक असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला साडेआठ टक्के, शंभर असतील तर एक टक्क्याहूनही कमी. पाटाच्या पाण्याला जितके फाटे फोडाल तितकी शेवटच्या वाफ्यापर्यंत जाणारी धार बारीक होते, तसेच हे. होमपेजच्या तळाशी दोनशे किल्ल्यांची नावे एकाखाली एक ओतण्यात अर्थ नाही तो यामुळे.

मधल्या काळात काही चलाख मंडळींनी ‘नोफॉलो’ ही खूण लावून नको त्या लिंकचे वजन अडवायचे आणि हव्या त्या लिंककडे वळवायचे, असा उद्योग चालवला होता. ही खूण २००५मध्ये प्रतिक्रियांतल्या जाहिरातबाज लिंकसाठी आली होती. २००९मध्ये गुगलचे मॅट कट्स यांनी सांगून टाकले की, दहापैकी पाच लिंकना नोफॉलो लावले तरी उरलेल्या पाचांना वाढीव वाटा मिळत नाही; अडवलेला वाटा वायाच जातो. तेव्हा स्वतःच्या पानांना नोफॉलो लावत बसू नये. आज गुगल इतर असंख्य गोष्टी पाहतो, आणि पेजरँकचा आकडा लोकांना दाखवणे त्याने २०१६मध्ये बंद केले. पण लिंकवरून पानाचे महत्त्व जोखण्याची मूळ रीत टिकून आहे.

दालनाचे पान

रचनेचा खरा प्रश्न इथे येतो. होमपेज आणि लेख यांच्या मध्ये काय असावे? वर्डप्रेस आपोआप कॅटेगरीचे पान बनवून देतो: तारखेप्रमाणे लावलेले लेख, प्रत्येकी दोन ओळी आणि खाली ‘पुढे वाचा’. हे पान वाचायला कोणी येत नाही, कारण त्यात वाचण्यासारखे काही नसते.

त्याऐवजी हाताने लिहिलेले दालनाचे पान करा. ‘युनेस्कोच्या यादीतले १२ किल्ले’ हे अगदी हातासरशी मिळालेले दालन आहे. सुरुवातीला दोन परिच्छेद: ही यादी कशाची, हेच किल्ले का. मग गिरिदुर्ग आणि जलदुर्ग असे गट. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड, प्रतापगड डोंगरांत, खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग समुद्रात, विजयदुर्ग खाडीच्या तोंडाशी, पन्हाळा पठारावर, जिंजी तमिळ मुलखात. प्रत्येक नावाला दोन-तीन वाक्ये आणि त्या लेखाची लिंक. या बारा लेखांतून परत दालनाकडे एकेक लिंक. होमपेजच्या मेनूत दालनाचे नाव. झाले, बाराही लेख होमपेजपासून दोन क्लिकवर आले. सतराव्या पानावरचा साल्हेर एका संध्याकाळच्या कामात वर आला.

दालने फार नकोत. दोनशे लेखांच्या साइटला डोंगररांगा, सागरी किल्ले, जिल्हे, ट्रेकची पूर्वतयारी अशी सहा-सात पुरेत. आणि पानाच्या माथ्यावर ‘मुख्यपृष्ठ › नाशिक जिल्हा › साल्हेर’ अशी वाट दाखवणारी ओळ ठेवा. गुगलने जानेवारी २०२५पासून मोबाइलच्या निकालांत ही ओळ दाखवणे थांबवले, तरी पानावर ती वाचकाच्या आणि गुगलबॉटच्या उपयोगी पडतेच.

लेखाच्या पोटातली लिंक

मेनू आणि दालने हा सांगाडा झाला. पण मजकुराच्या ओघात आलेली लिंक मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्या आजूबाजूची वाक्येच ती कशासाठी आहे ते सांगतात.

पन्हाळ्याच्या लेखात हे वाक्य असते: ‘१६६०मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले.’ इथे ‘विशाळगडाकडे’ या शब्दावर विशाळगडाच्या लेखाची लिंक हवी, आणि पुढच्या वाक्यात पावनखिंड आली की तिचीही. सुवर्णदुर्गाच्या लेखात हर्णैच्या किनाऱ्यावरचे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला यावेतच. सुवर्णदुर्ग पाहायला गेलेला माणूस त्याच दिवशी तेही पाहतो. लोहगडाच्या लेखात विसापूर, राजगडाच्या लेखात तोरण्याची वाट, साल्हेरच्या लेखात शेजारचा सालोटा आणि मुल्हेर. या लिंक कोणत्याही प्लगइनला सुचत नाहीत. प्लगइन ‘संबंधित लेख’ म्हणून साल्हेरच्या खाली ‘पावसाळ्यात बूट कसे निवडावेत’ लावून मोकळा होतो.

छापील मराठीत याची उत्तम शिस्त आधीपासून आहे. १९७६मध्ये पहिला खंड निघालेल्या मराठी विश्वकोशात, ज्या विषयावर स्वतंत्र नोंद आहे त्याच्या आधी बाणाची खूण असते आणि नोंदीच्या शेवटी ‘पहा’ म्हणून जवळच्या नोंदी दिलेल्या असतात. विश्वकोशाच्या संपादकांसमोर तेव्हा गुगल नव्हता. या वाचकाला पुढे काय वाचावेसे वाटेल, एवढाच विचार होता. तोच विचार आजही पुरतो. मराठी विकिपीडियावर कोणत्याही लेखाच्या बाजूला ‘येथे काय जोडले आहे’ असा दुवा दिसतो; तो उघडून एखाद्या लेखाला कुठून कुठून लिंक आल्या आहेत ते एकदा पाहा.

लिंकचे शब्द

‘येथे क्लिक करा’ या शब्दांवर लिंक देऊ नका. पलीकडच्या पानात काय आहे, हे त्यावरून ना वाचकाला कळत ना गुगलला. ‘साल्हेरला जाण्याच्या वाटा’ असे शब्द असले की दोघांनाही कळते.

उलट टोकही वाईट. प्रत्येक लिंकवर ‘साल्हेर किल्ला संपूर्ण माहिती मराठी’ हेच सात वेळा कोंबले की लेख जाहिरातीसारखा वाचला जातो. मराठीत नाव वाक्यात आले की विभक्ती लागते: साल्हेरवरून, साल्हेरच्या, साल्हेरला. लागू द्या. लिंकसाठी वाक्य मोडू नका.

टॅगांचा पसारा

एकाच साइटवर किल्ला, किल्ले, गड, दुर्ग, गडकिल्ले असे पाच टॅग असतात आणि वर्डप्रेस प्रत्येकाचे वेगळे पान करतो. पाचही पानांवर जवळपास तेच लेख. गुगलबॉटचा वेळ तिथे जातो आणि कोणते पान वर दाखवायचे याचाही घोळ होतो. एक टॅग ठेवा, बाकीचे काढून त्यांचे पत्ते राहिलेल्या टॅगकडे वळवा.

पत्ते वळवण्याची हीच काळजी रचना बदलतानाही घ्यावी. लेखाचा पत्ता बदलला तर जुन्यावरून नव्यावर ३०१ प्रकारचे कायमचे रिडायरेक्ट लावा आणि स्वतःच्या लेखांतल्या जुन्या लिंकही दुरुस्त करा. देवनागरी पत्ते गुगलला चालतात. फक्त कॉपी करून पाठवताना एकेका अक्षरखुणेची नऊ-नऊ रोमन चिन्हे होतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ती लिंक पाहून माणूस दचकतो. पण चालू असलेले पत्ते केवळ त्यासाठी बदलू नयेत.

तपासणी

गुगलचे सर्च कन्सोल हे साधन फुकट आहे. त्यातल्या ‘लिंक’ विभागात अंतर्गत लिंकची यादी मिळते: कोणत्या पानाला किती. यादीच्या माथ्यावर ‘संपर्क’ आणि ‘गोपनीयता धोरण’ असेल, तर त्यात विशेष काही नाही. तळाच्या पट्टीमुळे ती पाने वर येतात. पाहायचे ते हे की, त्यांच्यानंतर तुमचे उत्तम लेख येतात का. एकही लिंक नसलेली पाने या यादीत नसतातच, म्हणून ती साइटमॅपशी ताडून शोधावी लागतात. स्क्रीमिंग फ्रॉग हे सॉफ्टवेअर ५०० पत्त्यांपर्यंत फुकट चालते आणि कोणते पान होमपेजपासून किती क्लिकवर आहे ते सांगते. दोनशे लेखांच्या साइटची तपासणी सुरू करायला तेवढे पुरते.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. लिंक लावल्याने पोकळ लेखात जीव येत नाही. चार ओळींच्या लेखाला चाळीस लिंक दिल्या तरी वाचक परत फिरतो. ही सगळी मेहनत चांगल्या पण एकट्या पडलेल्या लेखांसाठी आहे, आणि जुन्या मराठी साइटवर असे लेख भरपूर आहेत. तेव्हा नवा लेख हाती घेण्याआधी असे दहा लेख निवडा, प्रत्येकाला योग्य जागेवरून तीन-चार लिंक द्या आणि मग सर्च कन्सोलवर काही आठवडे लक्ष ठेवा. फरक दुसऱ्या दिवशी दिसत नाही.