यादीतली घरे आणि कौन्सिलातला एक माणूस

इंग्लंडमध्ये एखादी जुनी इमारत ‘लिस्टेड’ आहे असे कळले की तिला आता धक्का लागणार नाही, असे आपण धरून चालतो. यादी मोठी आहे, कायदाही कडक आहे. पण यादी करायचे काम केंद्र सरकारचे आणि ती रोज सांभाळायचे काम त्या त्या गावच्या कौन्सिलचे. त्या कौन्सिलात जुन्या बांधकामाची जाण असलेला अधिकारी आहे की नाही, यावर पुढचे बरेच काही ठरते. या अधिकाऱ्याला ‘कॉन्झर्व्हेशन ऑफिसर’ म्हणतात. असा अधिकारी नेमलाच पाहिजे, असे मात्र कोणताही कायदा म्हणत नाही.

आधी यादी पाहू. ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ ही सरकारी संस्था इमारतीचा अभ्यास करून शिफारस करते आणि संस्कृती खात्याच्या मंत्र्याच्या नावाने निर्णय होतो. श्रेण्या तीन: ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीतही श्रेण्या आहेत, त्यामुळे ही पद्धत आपल्याला अगदीच परकी नाही. इंग्लंडच्या यादीत पावणेचार लाखांहून अधिक नोंदी आहेत आणि त्यांतल्या नऊ-दशांशांहून जास्त ग्रेड टूच्या. राजवाडे आणि कॅथीड्रल वरच्या श्रेण्यांत. ग्रेड टूमध्ये मुख्यतः साधी घरे, धान्याची कोठारे, पब, गिरण्या, अगदी लाल टेलिफोन बूथसुद्धा. वरच्या दोन श्रेण्यांतल्या कामांसाठी हिस्टॉरिक इंग्लंडचे मत घेतले जाते. ग्रेड टूच्या बहुतेक कामांचा निर्णय कौन्सिल एकटीच करते. म्हणजे यादीचा फार मोठा हिस्सा कौन्सिलच्या हवाली आहे.

आता एका अर्जामागोमाग चालू. समजा, एका मालकाला वर-खाली सरकणाऱ्या जुन्या लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या बसवायच्या आहेत. १९९० च्या कायद्यानुसार इमारतीच्या वैशिष्ट्याला बाधा आणणाऱ्या कोणत्याही बदलासाठी वेगळी परवानगी लागते. हे बंधन फक्त दर्शनी भागाला नाही. आतला जिना, शेकोटीची चौकट, छताचे नक्षीदार प्लास्टर, सगळे त्यात येते. अर्ज दाखल होतो, सूचना लावली जाते, हरकतींसाठी २१ दिवस मिळतात. काही पाडायचे असेल तर विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये स्थापन केलेल्या जुन्या इमारतींच्या संरक्षण संस्थेसारख्या ठरावीक संस्थांनाही कळवावे लागते. साधारण आठ आठवड्यांत निर्णय व्हावा, अशी अपेक्षा असते. या अर्जाला फी नाही. नवीन बांधकामाच्या परवानगीला फी आहे, हिला नाही. मालकावर कायद्याने लादलेल्या बंधनासाठी त्याच्याकडूनच पैसे कशाला घ्यायचे, हा त्यामागचा विचार रास्त आहे. पण त्याचा दुसरा परिणाम असा की या कामातून कौन्सिलच्या तिजोरीत काहीच येत नाही.

कॉन्झर्व्हेशन ऑफिसर जागेवर जातो, पाहतो आणि लेखी मत देतो. त्यावरून प्लॅनिंगचा अधिकारी निर्णय घेतो. वादाचे प्रकरण असेल तर ते नगरसेवकांच्या समितीपुढे जाते. नकार आला तर केंद्राकडे अपील करता येते. अपिलाची वाट मराठी माणसाने जवळून पाहिली आहे. लंडनमधल्या किंग हेन्रीज रोडवरचे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत राहिले ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. तिथे संग्रहालय करायला कॅमडन कौन्सिलने परवानगी नाकारली आणि अखेर मार्च २०२० मध्ये केंद्रीय मंत्र्याने अपिलात ती दिली. तो प्रश्न घराच्या वापराचा होता, जुन्या बांधकामाचा नव्हे. पण वाट तीच.

जागेवर जाणे का महत्त्वाचे, हे विटांच्या भिंतीवरून नीट कळते. जुन्या भिंतीत विटांमधले सांधे चुन्याचे असतात. चुना विटेपेक्षा मऊ. भिंतीत शिरलेले पाणी त्या सांध्यांतून बाहेर पडून सुकते. सांधे झिजले की कुणीतरी चांगल्या हेतूने ते सिमेंटने भरतो. सिमेंट टणक आणि घट्ट, त्यामुळे पाण्याला बाहेर पडायला विटेचाच मार्ग उरतो. हिवाळ्यात ते पाणी गोठून फुगते आणि विटेचा पापुद्रा सुटतो. सांधा जसाच्या तसा राहतो, वीट मात्र आत आत झिजत जाते. म्हणून जाणकार अधिकारी परवानगीला अट घालतो: आधी भिंतीच्या लहानशा तुकड्यावर चुन्याचा नमुना करून दाखवा, मग पुढचे काम. अट चांगलीच आहे. पण तो नमुना बघायला कुणीतरी गेले पाहिजे. जायला माणूस नसला की अट कागदावर राहते आणि गवंडी हाताशी असेल ते भरून मोकळा होतो. जुन्या घरांचे खरे नुकसान मला इथे दिसते. बुलडोझरचा दिवस क्वचित येतो, पण सिमेंटची घमेली रोज भरतात.

अशी माणसे कमी झाली आहेत. २००६ ते २०१८ या काळात इंग्लंडच्या स्थानिक संस्थांतले संवर्धनतज्ज्ञ साधारण एक-तृतीयांशाने घटले. २०१० नंतर केंद्राने कौन्सिलांचे अनुदान कापले. वृद्धांची आणि मुलांची काळजी घेणे कायद्यानेच बंधनकारक, तिथे हात आखडता घेता येत नाही. मग कात्री लागते ती ज्या पदाची सक्ती नाही आणि ज्यातून उत्पन्नही नाही, त्याला. बोजा सगळीकडे सारखाही नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टरमध्ये अकरा हजारांच्या आसपास लिस्टेड इमारती आहेत, पण ती श्रीमंत कौन्सिल. कॉट्सवोल्ड हा ग्रामीण जिल्हा. तिथे सुमारे पाच हजार इमारती आणि १४४ संरक्षित परिसर.

परवानगीविना केलेले काम हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा अमर्याद दंड होऊ शकतो. बदल पूर्ववत करण्याची नोटीस काढायला मुदतीचे बंधन नाही, आणि ती नंतर घर घेणाऱ्यालाही लागू होते. इंग्लंडात जुने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी ही गोष्ट खरेदीआधीच वकिलाला विचारावी. पण गुन्हा आधी कुणाच्या तरी नजरेस यावा लागतो, आणि ती नजर पुन्हा त्या अधिकाऱ्याचीच.

मालक घर पडू देत असेल तर कौन्सिल तातडीच्या कामाची नोटीस देऊन स्वतः ताडपत्री घालू शकते, टेकू लावू शकते आणि खर्च वसूल करू शकते. पुढची पायरी दुरुस्तीची नोटीस, त्यापुढे सक्तीची खरेदी. हे अधिकार भक्कम आहेत. मात्र पैसे आधी कौन्सिलने घालायचे, वसुलीची खात्री नाही आणि सोबत वकील व अभियंता हवेत. म्हणून बऱ्याच कौन्सिली नोटीस काढायलाच कचरतात.

काहींनी वाटा शोधल्या आहेत. अर्जापूर्वीच्या सल्ल्याला कौन्सिल फी आकारू शकते. एसेक्स काउंटी कौन्सिलची ‘प्लेस सर्व्हिसेस’ ही शाखा इतर कौन्सिलांना पैसे घेऊन तज्ज्ञ पुरवते. यामुळे छोट्या कौन्सिलांची सोय होते, हे मान्यच. तरीही कोणत्या गल्लीत कोणता दगड वापरला आहे, कोणता मालक समजावल्यावर ऐकतो, हे त्या गावात वर्षानुवर्षे हिंडलेल्या माणसालाच ठाऊक असते, आणि तो निवृत्त झाला की ते ज्ञान कोणत्याही कंत्राटात मिळत नाही.

२०२३ च्या नव्या कायद्यात स्थानिक वारशाचा नोंदसंग्रह ठेवणे बंधनकारक करण्याची तरतूद झाली. नोंदी कायद्याने सांभाळल्या जातील, हे चांगलेच झाले. त्या वाचून जागेवर जाणाऱ्या अधिकाऱ्याचे पद मात्र अजूनही कौन्सिलच्या मर्जीवर आहे.