दुरून राखलेला राउटर

आपल्या घरात भिंतीवर एक लहानशी पेटी लुकलुकत असते. मुले तिला 'वायफाय' म्हणतात. तिचे खरे नाव राउटर. पुष्कळांना वाटते की पंख्यासारखे हेही एक यंत्र, बटण दाबले की झाले. तसे नाही बरं का! ती पेटी म्हणजे एक छोटा संगणकच आहे, आणि बहुतेक पेट्यांत लिनक्स ही कार्यप्रणाली नांदत असते.

हे जगाला कळले ते लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमुळे. तो २००२ च्या अखेरीस बाजारात आला. आत लिनक्स आहे, हे जाणत्यांनी ओळखले. लिनक्सचा परवाना असे सांगतो की ज्याला वस्तू दिली त्याला तिचा मूळ आराखडाही द्यावा. तो २००३ मध्ये खुला झाला आणि त्यातूनच २००४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी' ही राउटरसाठीची लिनक्स प्रणाली उभी राहिली. माझ्या गावच्या घरात तीच आहे. मी असतो तालुक्याच्या गावी, कॉलेजात. आई असते खेड्यात, एकटी. पेटीची देखभाल मात्र माझ्याकडे. ती दुरून कशी करावी, ते सांगतो.

दूरच्या संगणकात शिरायची जुनी वाट टेलनेट. तिच्यात पासवर्ड उघडा जातो, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात असे पासवर्ड कुणीतरी वाटेत टिपून घेतले, तेव्हा तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच रचले. यात बोलणे सगळे बंद लखोट्यात. शिवाय पासवर्डाऐवजी कुलूप-किल्लीची सोय. कुलूप राउटरवर लावून ठेवायचे, ते कुणी पाहिले तरी बिघडत नाही. किल्ली फक्त आपल्या संगणकात. पासवर्डाने शिरणे मग बंदच करावे. कारखान्यातून येणारे ठरीव पासवर्ड तसेच राहू दिले म्हणजे काय होते, ते २०१६ साली 'मिराई'ने दाखवले. साठेक ठरीव नाव-पासवर्डांच्या जोड्या घेऊन तो उपद्रवी प्रोग्राम दारोदार हिंडला आणि लाखो कॅमेरे नि राउटर त्याने कह्यात घेतले.

आता घराच्या आतले पाहू. लिनक्समध्ये प्रत्येक वापरणाऱ्याची स्वतःची डिरेक्टरी असते; वाड्यातली त्याची खोलीच म्हणा ना. 'रूट' हा वाड्याचा मालक, त्याला सर्वत्र मुभा. रोजच्या कामाला मालकाचा शिक्का वापरू नये, म्हणून मी स्वतःचे वेगळे खाते काढले, रूटला दुरून येण्याची बंदी केली आणि माझे कुलूप माझ्या खोलीत ठेवले. एक ध्यानात घ्या: ओपनडब्ल्यूआरटीत 'टीएमपी' नावाची जागा स्मृतीत असते, वीज गेली की तिथले सारे पुसते. 'व्हार'ची वाटही तिकडेच जाते. तिथे खोली बांधाल तर पहिल्या भारनियमनात ती नाहीशी होईल.

एवढे सगळे मला ठाऊक होते, तरी फसलोच. पुतण्याला माझ्या डिरेक्टरीत फाइल ठेवता येईना. मी घाईत परवानगी दिली ७७७. म्हणजे कुणीही यावे, वाचावे, लिहावे. आणि बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी दार उघडेना! ओपनडब्ल्यूआरटीत एसएसएचचे काम 'ड्रॉपबेअर' करतो. तो आधी खोली तपासतो. परक्यालाही लिहिता येते असे दिसले, तर आतले कुलूप कुणी बदललेले असू शकेल, असे समजून तो ते मानतच नाही. पासवर्डाची वाट मीच बुजवलेली. त्याच आठवड्यात आईचा नवा फोन आला. वायफायचा पासवर्ड कुणालाच आठवेना. एरवी दोन मिनिटांचे काम, पण रविवारपर्यंत तिला नातीचे तोंड पाहता आले नाही. एस.टी.ने गेलो, राउटर सुरू होताना बटण दाबून तो 'फेलसेफ' स्थितीत आणला, तारेने जोडला आणि परवानगी ७०० केली: मालकाला सर्व, इतरांना काही नाही. पुतण्यासाठी निराळी डिरेक्टरी काढून दिली, ती आधीच काढायला हवी होती.

तेव्हापासून माझा नियम असा: काहीही बदलले की चालू जोडणी मिटवायची नाही. दुसरी खिडकी उघडून नव्याने शिरून पाहायचे. शिरता आले तरच पहिली मिटवायची.

आणखी एक. एसएसएचचे २२ क्रमांकाचे दार साऱ्या जगाला उघडे ठेवू नका. तिथे दिवसरात्र कोणी ना कोणी कडी वाजवीत असते. मी 'वायरगार्ड'च्या बंदिस्त बोगद्यातून जातो. पुष्कळ जोडण्यांना बाहेरून दिसणारा स्वतंत्र पत्ता मिळत नाही, बाहेरून हाक मारली तर ती घरापर्यंत पोचतच नाही. अशा वेळी उलटी युक्ती करावी लागते: असा पत्ता असलेला एक संगणक मध्ये ठेवायचा, आणि राउटरनेच आपण होऊन त्याच्याकडे बोगदा काढायचा. आमच्या गावच्या घरी सध्या तीच व्यवस्था आहे. आईला त्यातले काही माहीत नाही. पेटीवरची धूळ मात्र ती रोज पुसते, आणि पुसताना तार हलली की मला फोन येतो.