आई बाहेर, मी आत

हॉटेलात जेवायला जायचं तर आपण आधी दहा रिव्ह्यू वाचतो. फ्लॅट बघताना पार्किंगपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं विचारतो. मोबाईल घ्यायचा तर आठ दिवस नुसते कम्पेअर करण्यात जातात. आणि ज्या खोलीत आयुष्यातली सगळ्यात अवघड रात्र काढायची असते, त्या लेबर रूमबद्दल काय विचारतो? 'पॅकेज किती?' आणि 'रूम एसी आहे ना?' संपलं!

एक प्रश्न मात्र बहुतेक जणींच्या यादीत नसतोच. कळा सुरू झाल्या की माझ्याजवळ कोण असणार?

मी तो विचारला होता. सातव्या महिन्यात, डॉक्टरांना. 'आईला आत घेता येईल ना?' त्यांनी केसपेपरवरून मान वर न करता सांगितलं, 'वेळेवर पाहू.' विदर्भात 'वेळेवर पाहू'चा अर्थ काय होतो, ते विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मी राहते पुण्यात, माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, यावर चर्चा होत नाही. शिवाय मी फ्रीलान्सर. तुमच्या ऑफिसात दहा माणसं असली, तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. मला मिळाला एडिटरचा 'टेक केअर' असा मेसेज. नवऱ्याचंही तसंच. केंद्र सरकारच्या नोकरीत बाप होणाऱ्याला १५ दिवस मिळतात, खासगी कंपनीत कायद्याने शून्य. त्याच्या कंपनीने मोठ्या मनाने पाच दिवस दिले. ते बाळ आल्यावर वापरायचे असं ठरलं, म्हणून मी डिंकाच्या लाडवांच्या राज्यात आणि तो हिंजवडीत.

यवतमाळ जिल्हा तसा अवाढव्य, १६ तालुक्यांचा. अवघडलेली केस झाली की ती यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाते. कॉलेज १९८९ चं, पण एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही. 'मेडिकलला नेलं' म्हटलं की घरचे समजून जातात आणि देवासमोर दिवा लागतो. माझं बाळंतपण झालं ते एका खासगी नर्सिंग होममध्ये. त्याचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. पाटी बदलली तरी आतली गोष्ट तीच राहील अशी कितीतरी हॉस्पिटलं आहेत.

कळा सुरू झाल्या संध्याकाळी सातला. नवऱ्याने मिळेल ती ट्रॅव्हल्स पकडली. आम्ही ऑटोने पोचलो, तर सिस्टरने सांगितलं, 'पिशवीचं तोंड एक बोट उघडलंय, वेळ आहे.' दहाला आत घेतलं. दारावर पाटी होती, 'नातेवाईकांना आत येण्यास सक्त मनाई'. बांगड्या, मंगळसूत्र, मोबाईल, चपला, सगळं आईच्या पिशवीत गेलं. आणि पिशवीसोबत आईही बाहेर राहिली.

आत तीन टेबलं. पडदा एकालाही नाही. भिंतीवर निळ्या डोळ्यांच्या, गोऱ्यापान, गुटगुटीत बाळाचं पोस्टर. (यवतमाळात असं बाळ कुणाला होणार आहे, देव जाणे!) बाजूच्या टेबलावर एक अगदी लहान वयाची मुलगी, तिसरं टेबल रिकामं. सिस्टर एकच. लेबर रूमही तिची आणि वरचा वॉर्डही तिचाच. यायची, तपासायची, 'दोन बोटं' म्हणायची आणि जायची. बारा वाजता सलाईनमध्ये काहीतरी सोडलं. कशासाठी, विचारलं. 'कळा वाढायला.' बाळ ठीक आहे का, विचारलं. 'ओरडू नका, बाजूला पेशंट आहे.' मी ओरडत नव्हते हो, विचारत होते.

एक ते चार या तीन तासांत माझ्याशी कुणी एक वाक्य बोललं नाही. समोर घड्याळ होतं, ते बघत होते. तीनच्या सुमाराला पाय थाडथाड उडायला लागले. थांबवले तरी थांबेनात. मग उलटी. मग असं वाटलं की काहीतरी बिघडलंय आणि हे मला सांगत नाहीयेत. मी जाणार. खरंच जाणार. अनुवादाचं एक बिल पाठवायचं राहिलंय, हेही त्याच क्षणी आठवलं. माणसाचं डोकं काय असतं बघा!

नंतर कळलं, शेवटच्या टप्प्यात अंग थरथरणं आणि उलटी होणं अगदी नेहमीचं आहे. बाळ जवळ आल्याचीच खूण म्हणतात. आईला हे माहीत होतं. आई माझ्यापासून पंधरा फुटांवर बाकड्यावर बसली होती.

चार वाजता मावशी फरशी पुसायला आल्या. त्यांनी पोछा भिंतीला टेकवला आणि माझ्याजवळ आल्या. 'काऊन रडून राहिली वं पोरी? थंडी वाजून राहिली ना? वाजतेच ते. आता होतेच तुयं.' मग पाठीवर, कमरेच्या खाली, तळहाताने जोरात दाबत राहिल्या. कळ आली की म्हणायच्या, 'घे, श्वास घे. गेली पाह्य. आली तशी गेली.' सलाईन तेच होतं, कळा उलट वाढल्या होत्या. पण मरणाची भीती त्या पाच मिनिटांत गेली ती परत आली नाही. मावशींची ड्यूटी सहाला संपत होती. त्या थांबल्या. सहा चाळीसला मुलगी झाली, दोन किलो आठशे ग्रॅम. तिचा बाबा तेव्हा मेहकरच्या पुढे कुठेतरी बसमध्ये घोरत होता.

मला नशिबाने एक फरशी पुसणाऱ्या मावशी मिळाल्या. बाजूच्या मुलीला पाठीवर हात मिळाला तो त्यांना जमेल तेवढाच, कारण त्यांना हात दोनच होते.

सव्वा महिना घरात काढताना आईने मोबाईलवर बंदी घातली होती, डोळे जातील म्हणून. पण पहाटे तीनला मांडीवर बाळ दूध पीत असतं, तेव्हा माणूस करणार काय? पत्रकाराची खोड, वाचत बसले. आणि चाटच पडले! केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांसाठी सांगून ठेवलंय की, बाळंत होणाऱ्या बाईसोबत लेबर रूममध्ये एक सोबतीण असावी. अटी साध्या आहेत. नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली. संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी हवी आणि डॉक्टर-सिस्टरच्या कामात ढवळाढवळ नको. जिथे आडोसा नीट आहे, तिथे नवरासुद्धा चालतो. २०१७ मध्ये लेबर रूम सुधारण्यासाठी 'लक्ष्य' कार्यक्रम आला, त्यातही बाईला सन्मानाने वागवणं आणि सोबतीण या गोष्टी आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बाळंतपणाच्या काळजीबद्दल नव्या शिफारशी काढल्या. त्यात प्रत्येकीला तिच्या पसंतीची सोबत द्या, असं स्पष्ट म्हटलंय. दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा जुना हिशोब सगळ्या बायकांना लागू होत नाही, केवळ तेवढ्यासाठी घाई करू नका, हेही आहे. आणि सरसकट टाके घालायची वेळ आणू नका, हेसुद्धा.

सोबतीने होतं काय? २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात १७ देशांतले २६ अभ्यास एकत्र तपासले होते, बायका १५ हजारांच्या वर. ज्यांच्याजवळ सतत कुणीतरी होतं, त्यांचं बाळंतपण नैसर्गिक होण्याची शक्यता जास्त होती, कळांचा काळ थोडा कमी, सिझेरियन कमी, आणि 'तो अनुभव नको रे बाबा' म्हणणाऱ्या कमी. ना मशीन, ना इंजेक्शन. नुसतं एक माणूस! एखाद्या कंपनीला हे बाटलीत भरून विकता आलं असतं, तर आज गल्लोगल्ली होर्डिंग लागली असती.

हे मी आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'यात नवीन काय?' आजीची पाचही बाळंतपणं घरात झाली. खोलीत दाई, सासू, जाऊ, शेजारची काकू. एक पाठ चोळायची, एक पाणी तापवायची, एक नुसती बोलत बसायची. एकटं वाटायला जागाच नव्हती. पण लगेच 'जुनं ते सोनं' म्हणू नका. आजीची पाचांतली तीनच जगली. तिसऱ्या वेळेस रक्त थांबेना तेव्हा बैलगाडी जुंपली होती, ती वाचली ते निव्वळ दैवाने. म्हणून माझ्या वेळेला 'दवाखान्यातच' असा सगळ्यात मोठा हट्ट आजीचाच होता.

हट्ट बरोबरच आहे. २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली १०० पैकी साधारण ६५ बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मध्ये ९५. मधल्या काळात २००५ ची जननी सुरक्षा योजना आली. २०११ मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण आणि घरी सोडणारी गाडीसुद्धा फुकट केली. गावोगावच्या आशाताईंनी घरोघर जाऊन बायकांना दवाखान्यापर्यंत आणलं. हे छोटं काम नाही.

पण दवाखान्यापर्यंत आणल्यावर पुढे काय? ऑगस्ट २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यातली, उमरखेड तालुक्यातल्या विडूळची बातमी राज्यभर गाजली. अ‍ॅम्ब्युलन्स वेळेत मिळाली नाही म्हणून घरच्यांनी मुलीला ऑटोने प्राथमिक आरोग्य केंद्रात आणलं. तिथे डॉक्टर नव्हता. ती व्हरांड्यातच बाळंत झाली. बाळ वाचलं नाही. तिच्याजवळ घरचे होते आणि डॉक्टर नव्हता. माझ्याकडे डॉक्टर होते, घरचं कुणी नव्हतं. माझं बाळ मांडीवर आहे, त्यामुळे दोन्ही दुःखं एका तराजूत मी घालणार नाही. पण दोन्ही एकाच वेळी मिळणं ही काय फार मोठी मागणी झाली का?

पुण्या-मुंबईतल्या काही हॉस्पिटलांत हे मिळतं म्हणा. नवरा आत, मंद दिवे, मंद संगीत. रेटकार्डावर सगळ्यात वरच्या ओळीत. सरकारी कागदावर जो हक्क गरिबातल्या गरीब बाईला दिलाय, तो शहरात डीलक्स पॅकेजमध्ये विकला जातो, आणि आमच्यासारख्या मधल्यांना 'वेळेवर पाहू'!

दीड महिन्याने तपासणीला गेले, तेव्हा डॉक्टरांना थेट विचारलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, 'एकीसोबत दहा माणसं येतात. एकाला आत घेतलं की उरलेले नऊ दार ठोठावतात. उद्या काही कमीजास्त झालं तर हेच लोक तोडफोड करतात. आणि तीन टेबलांना पडदे नाहीत, बाजूच्या बाईने काय करायचं?' पहिल्या दोन मुद्द्यांवर मला बोलता आलं नाही. डॉक्टरांवर हात उचलल्याच्या बातम्या मीही वाचल्यात, आणि माझ्यासोबतच त्या रात्री सात जण होते. तिसऱ्यावर मात्र बोलले. पडदे. लोखंडी दांडी आणि हिरवं कापड. हॉस्पिटलच्या दारात नुकतीच चमचमती एलईडी पाटी लागली होती, तिच्याकडे मी नुसतं बघितलं. ते हसले. 'बघतो,' म्हणाले. 'वेळेवर पाहू'पेक्षा हे थोडं बरं वाटलं, पण फार नाही.

तेव्हा तुमचा नंबर असेल तर हॉस्पिटल बघायला जाल तेव्हा एसीबिसी नंतर विचारा. आधी लेबर रूम दाखवा म्हणा. किती टेबलं, पडदे आहेत का, रात्री सिस्टर किती, आणि माझ्यासोबत एक जण शेवटपर्यंत थांबू शकेल का. उत्तर तोंडी नको, फाईलवर लिहून घ्या. रात्रपाळीच्या सिस्टरला दिवसाच्या डॉक्टरांचा शब्द माहीत नसतो.

माझी एक मैत्रीण आयटीत आहे, पुढच्या महिन्यात नागपूरला माहेरी जातेय. तिने विचारलं, तर हॉस्पिटल चक्क 'हो' म्हणालं, एक बाई चालेल. आता त्यांच्या घरात वेगळाच पेच सुरू झालाय. आईला रक्त बघून चक्कर येते. सासूबाई तयार आहेत, पण मैत्रीण तयार नाही. काल रात्री फोनवर फायनल झालं, अकोल्याच्या मावशीला नेणार. चार बाळंतपणं झालेली, आवाज मोठा, आणि सिस्टरशी भांडत नाही.