तोसदान : बंदुकीमागचे कातडे

बंदुकीच्या लढायांविषयी लिहिताना आपण नळी, गोळी आणि सेनापती यांच्यापाशीच थांबतो. शिपायाच्या उजव्या कमरेला लटकणारी काडतुसांची कातडी पेटी, म्हणजे तोसदान, वर्णनात क्वचितच येते. माझे म्हणणे असे, की अठराव्या शतकातल्या पायदळाची मारगिरी या पेटीइतकीच भरवशाची होती. काडतूस म्हणजे मोजलेली दारू आणि शिशाची गोळी गुंडाळलेली कागदाची सुरळी. शिपाई ती दाताने फाडी, चिमूटभर दारू रंजक म्हणून चापाखालच्या पेल्यात टाकी, उरलेली नळीत ओती आणि वरून गोळी गजाने ठाशी. कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. कागदाला ओल सोसत नाही. म्हणून भोके पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात एकेक काडतूस उभे ठेवून त्यावर जाड कातड्याचे झाकण घालत.

हे झाकण नीट नसले तर काय होते, याचा पुरावा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात आहे. 16 सप्टेंबर 1777 रोजी पेनसिल्व्हेनियात वॉशिंग्टनची फौज इंग्रजांसमोर उभी ठाकली आणि मुसळधार पाऊस कोसळला. तोफखान्याचा प्रमुख हेन्री नॉक्स याच्या हिशेबाने चार लाखांहून अधिक काडतुसे वाया गेली, आणि त्याने दोष दिला तो निकृष्ट तोसदानांना. फौजेला माघार घ्यावी लागली. दहा दिवसांनी फिलाडेल्फिया इंग्रजांच्या हाती गेले. पुढे कातडे अपुरे पडल्याने तिथे छत्तीस काडतुसांचे टिनचे डबेही वापरात आले.

यावर कोणी म्हणेल, ही परदेशची गोष्ट. आपल्याकडे शिंगड्यातली सुटी दारू आणि तोड्याची बंदूक यांवर पिढ्यान्‌पिढ्या लढाया झाल्या. खरे आहे. पण पानिपतावर इब्राहिमखान गारदी कवायती पायदळ घेऊन उतरला, आणि 1784 मध्ये महादजी शिंद्यांनी युरोपीय सेनानी द बॉयनला नोकरीत घेऊन कंपू, म्हणजे कवायती पलटणी, उभे केले, तेव्हा आपले युद्धही चकमकीच्या बंदुकीवर आणि कागदी काडतुसावर आले. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे : 1803 च्या सप्टेंबरात असईच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध शिंद्यांच्या कंपूंकडेही अशीच सामग्री होती, तरी ते हरले. म्हणून तोसदानाने विजय मिळतो, असा माझा दावाच नाही. इंग्रज सेनापती वेलस्लीने पावसाळ्यात मोहीम काढली ती मुख्यतः नद्यांचा हिशेब करून. पण पावसाळी मोहिमेचा विचार करायचा, तर दारू कोरडी राहील ही खात्री आधी हवी. ती खात्री कातडे देते.

आपल्या विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यालाही हा विषय परका नाही. एप्रिल 1818 मध्ये पांढरकवड्याजवळ इंग्रजांच्या कर्नल ॲडम्सच्या फौजेने दुसऱ्या बाजीरावाला गाठले. त्या दिवशी मुख्य काम घोडदळाचे आणि घोड्यांनी ओढलेल्या तोफांचे होते. पण त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीचे पायदळ जिथे जाई, तिथे खांद्यावरचा पट्टा आणि तोसदान असेच. आणि अशा कातडी सामानामागे कारागिरांचे हात होते. तरवडाची आणि बाभळीची साल, हिरडा यांच्या पाण्यात कातडे कमावण्याचे ढोर समाजाचे, आणि ते शिवण्याचे चर्मकारांचे कसब आपल्या मुलखात पिढीजात होते. सरदारांच्या बखरी झाल्या. या हातांची नोंद झाली नाही. तोसदान शोधणे म्हणजे ती नोंद करणे होय.

कातडे टिकतच नाही, मग शोधायचे काय, हा शेवटचा आक्षेप. वैदर्भी उन्हाळ्यात ते तडकते, पावसाळ्यात त्याला बुरशी येते, हे खरेच. तरी पितळी कड्या, भोकांचा ठोकळा, पट्ट्याचा तुकडा उरतो. असे काही जुन्या वाड्यात सापडले तर त्याला तेल चोळू नये, पॉलिश करू नये, उन्हात टाकू नये. कोरड्या, हवेशीर जागी साध्या पांढऱ्या कागदात ठेवावे, ते कुठे आणि कोणाकडे मिळाले हे लिहून ठेवावे, आणि नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातल्या जाणकारांना दाखवावे. तलवारी आपण जपल्या, कारण त्यांत आपल्याला शौर्य दिसले. पावसात उभ्या असलेल्या शिपायाची दारू कोरडी ठेवणारी मेहनतही त्याच शौर्याचा भाग होती. तिलाही संग्रहालयात जागा मिळायला हवी.