सहीआधीचा प्रश्न

२३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली. लोक चहा घेऊन टीव्हीपुढे बसले तोवर राजभवनावर देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी उरकत आला होता. राजवट उठवण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झालीच नव्हती. केंद्र सरकारच्या कामकाज नियमावलीत बारावा नियम आहे. निकड असेल तर पंतप्रधान नेहमीची पद्धत बाजूला ठेवू शकतात आणि मंत्रिमंडळ मागाहून मंजुरी देते. त्याच नियमाच्या आधारे शिफारस राष्ट्रपती भवनात गेली आणि रामनाथ कोविंद यांनी सही केली. ते सरकार चार दिवसही टिकले नाही.

सरकार टिकले की पडले, हा राजकारणाचा भाग झाला. त्या पहाटेचा विचार करताना मला वेगळा प्रश्न पडतो. ‘एवढी घाई कशासाठी? मंत्रिमंडळाचा निर्णय होऊ द्या, मग सही करतो,’ असे राष्ट्रपतींना म्हणता आले असते का? आले असते. आपल्या राष्ट्रपतींच्या हाती जी काही खरी ताकद आहे, ती या एका वाक्यात सामावलेली आहे.

हा बारावा नियम त्याआधीही एका रात्री वापरला गेला होता. २५ जून १९७५ ची ती रात्र. इंदिरा गांधींनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना पत्र पाठवले. विषय मंत्रिमंडळापुढे ठेवायला हवा होता, पण आज रात्री ते शक्य नाही, म्हणून बाराव्या नियमाचा आधार घेते आहे, असा त्याचा आशय. मध्यरात्रीपूर्वी आणीबाणीच्या घोषणेवर सही झाली. मंत्रिमंडळ जमले दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला. मंत्र्यांना बातमी कळली ती सही वाळल्यावर. पुढे वटहुकुमांची रीघ लागली. त्या डिसेंबरात अबू अब्राहम यांचे एक व्यंगचित्र ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये आले. राष्ट्रपती टबात आंघोळ करताहेत आणि तिथूनच हात लांब करून कागदावर सही करून देताहेत. पन्नास वर्षे झाली, राष्ट्रपतिपदाचा विषय निघाला की ते चित्र अजून आठवते.

घटनाकारांना असा राष्ट्रपती हवा होता का? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निःसंदिग्धपणे सांगितले होते की भारताच्या राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे असेल. तो देशाचा प्रमुख असेल, राज्यकारभाराचा नाही. पण त्याच घटनेच्या ६० व्या कलमात राष्ट्रपतीची शपथ आहे, आणि ती मंत्र्यांच्या शपथेहून वेगळी आहे. मंत्री घटनेशी निष्ठा बाळगण्याची शपथ घेतो. राष्ट्रपती घटनेचे जतन, रक्षण आणि बचाव करण्याची शपथ घेतो. नुसते ‘मम’ म्हणायला बसवलेल्या यजमानाकडून कोणी अशी शपथ घेत नाही.

या दोन गोष्टींचा मेळ घालायला देशाला बरीच वर्षे लागली. पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांना हिंदू कोड बिल मान्य नव्हते. १९५१ मध्ये त्यांनी नेहरूंना लिहिले की या विधेयकावर आपण स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेऊ इच्छितो. कायदेपंडितांनी नेहरूंना सांगितले की राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाच्या सल्ल्याबाहेर जाता येत नाही. राजेंद्रबाबूंच्या मनातून तो विषय गेला नाही. १९६० मध्ये दिल्लीत ‘इंडियन लॉ इन्स्टिट्यूट’च्या कार्यक्रमात त्यांनी राष्ट्रपतीच्या अधिकारांचा नीट अभ्यास व्हावा असे जाहीरपणे सुचवले. हिंदू कोड बिलाच्या बाबतीत मी पूर्णपणे नेहरूंच्या आणि बाबासाहेबांच्या बाजूने आहे. लोकांनी थेट न निवडलेल्या माणसाने स्त्रियांच्या वारसाहक्काची वाट अडवावी, हे कोणत्याच लोकशाहीत बसत नाही.

अखेर १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतीवर बंधनकारक असल्याचे ७४ व्या कलमात लिहून टाकले. जनता सरकारच्या काळात, १९७८ मध्ये, ४४ वी दुरुस्ती झाली आणि त्यात एक छोटी तरतूद आली. राष्ट्रपती सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतो. तोच सल्ला पुन्हा आला तर मात्र त्याला मानावाच लागतो. त्याच दुरुस्तीने आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला. म्हणजे २५ जूनच्या रात्रीचा रस्ता आणीबाणीपुरता बंद झाला. राष्ट्रपती राजवट उठवण्यासाठी तो उघडाच राहिला, हे आपण २०१९ मध्ये पाहिले.

एकदा परत पाठवणे एवढाच अधिकार, तोही नाममात्र, असे म्हणणाऱ्यांनी के. आर. नारायणन यांची कारकीर्द पाहावी. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेत प्रचंड हाणामारी झाली. त्याच गदारोळात कल्याणसिंग यांनी विश्वासमत जिंकले. राज्यपाल रोमेश भंडारी यांनी अहवाल धाडला आणि गुजराल मंत्रिमंडळाने राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. नारायणन यांनी ती परत पाठवली. बहुमत सभागृहातच सिद्ध व्हावे, हे सर्वोच्च न्यायालयाने बोम्मई खटल्यात १९९४ सालीच सांगितले होते, आणि इथे ते सिद्ध झाले होते. गुजराल यांनी आग्रह धरला नाही. सप्टेंबर १९९८ मध्ये वाजपेयी मंत्रिमंडळाची बिहारविषयीची शिफारसही नारायणन यांनी अशीच परत केली. सरकारे दोन, पक्ष वेगळे, कसोटी मात्र एकच. पुढे फेब्रुवारी १९९९ मध्ये दलितांच्या हत्याकांडांनंतर बिहारची शिफारस पुन्हा आली तेव्हा त्यांनी सही केली. राज्यसभेत बहुमत नसल्याने सरकारलाच महिन्याभरात राजवट मागे घ्यावी लागली. स्वतंत्र भारतात राष्ट्रपतिपद सर्वांत उंचीवर गेले ते त्या दोन वर्षांत, असे माझे ठाम मत आहे.

अब्दुल कलाम यांच्या वाट्याला दोन्ही अनुभव आले. मे २००५ मध्ये ते मॉस्कोत असताना बिहार विधानसभा विसर्जित करण्याची शिफारस रात्री फॅक्सने पोहोचली आणि त्यांनी सही केली. सर्वोच्च न्यायालयाने नंतर ते विसर्जन घटनाबाह्य ठरवले. राजीनाम्याचा विचार मनात आला होता, असे कलामांनीच पुढे लिहिले आहे. वर्षभराने, खासदाराला अपात्र ठरवणाऱ्या लाभाच्या पदांतून काही पदे वगळणारे विधेयक त्यांनी संसदेकडे परत पाठवले. संसदेने ते जसेच्या तसे पुन्हा मंजूर केले आणि घटनेप्रमाणे त्यांना सही करावी लागली. पण दरम्यान कोणती पदे कोणाच्या सोयीसाठी वगळली जाताहेत, याची चर्चा देशभर झाली.

विधेयक ना सही करून, ना परत करून नुसते ठेवून देणे हा आणखी एक मार्ग. टपाल उघडून पाहण्याची सरकारला मोकळीक देणारे १९८६ चे विधेयक झैलसिंग यांनी असेच अडकवले. १११ व्या कलमात निश्चित मुदत नसल्यानेच हे जमले. नागरिकांच्या पत्रांचे रक्षण झाले म्हणून आपण त्यांचे आभार मानू. पण हे शस्त्र दुधारी आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये महिला व बालकांवरील अत्याचारांविरुद्धचे शक्ती विधेयक मंजूर केले आणि ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हाही ते संमतीविनाच होते. त्यातल्या तरतुदींवर आक्षेप असू शकतात. फाशीच्या तरतुदीवर माझाही आहे. पण आक्षेप असेल तर तो कारणांसह लिहून विधेयक परत करावे. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा विधेयकांसाठी तीन महिन्यांची मुदत घातली. त्यावर राष्ट्रपतींनी १४३ व्या कलमाखाली १४ प्रश्न विचारले. अमरावतीचे सुपुत्र, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी मत दिले की न्यायालय अशी मुदत बांधून देऊ शकत नाही. घटनेचा शब्दार्थ म्हणून ते बरोबर असेल. पण तिष्ठत राहणाऱ्या राज्यांचे त्याने समाधान होत नाही.

विलंब जिवावर कसा बेततो, हे दयेच्या अर्जांत दिसते. ७२ व्या कलमाखालचा हा अधिकारही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतो. कसाबचा अर्ज प्रणव मुखर्जींनी फेटाळला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याला येरवड्यात फाशी झाली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींच्या अर्जांवर मात्र सरकारी टेबलांवर मिळून जवळजवळ आठ वर्षे गेली. त्या दिरंगाईमुळेच मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. ज्यांची मुले गेली त्यांनाही आणि ज्यांच्या गळ्याशी दोर होता त्यांनाही इतकी वर्षे टांगून ठेवण्याचा अधिकार कोणालाच नसावा.

राष्ट्रपतीला सल्ल्याविना निर्णय घ्यावा लागतो तो लोकसभेत कोणाचेच बहुमत स्पष्ट नसते तेव्हा. जुलै १९७९ मध्ये मोरारजींचे सरकार कोसळले आणि नीलम संजीव रेड्डी यांनी आधी विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांना पाचारण केले. चव्हाणांना संख्या जमवता आली नाही. चरणसिंग पंतप्रधान झाले, यशवंतराव उपपंतप्रधान, आणि संसदेला सामोरे न जाताच चरणसिंगांनी राजीनामा दिला. जगजीवनराम संधी मागत असताना रेड्डींनी लोकसभा विसर्जित केली. तो निर्णय मला आजही पटत नाही. एका दलित नेत्याला सभागृहात बहुमत आजमावण्याची संधी नाकारली गेली.

हे पद कोणाला मिळते, यात आपला वाटा किती? १९६९ च्या लढतीत व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्याबरोबर तिसरे उमेदवार होते रायगडचे चिंतामणराव देशमुख. त्यांना पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मते मिळाली. कोणालाच कोटा गाठता आला नाही, म्हणून दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली आणि गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. २००७ मध्ये शिवसेना भाजपच्या आघाडीत असूनही जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांच्या मागे उभी राहिली. या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही आणि मतदान गुप्त असते, म्हणून हे शक्य होते. मतांचे मूल्य अजूनही १९७१ च्या जनगणनेवर ठरते. महाराष्ट्राच्या आमदाराचे मत १७५ चे, गोव्याच्या आमदाराचे २० चे.

द्रौपदी मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. विधानसभेतले २८८ आमदार तेव्हा मत देतील, आणि ते आपल्याच मतांवर तिथे बसलेले आहेत. आमदार गणपतीत, दिवाळीत, लग्नकार्यात दारी येतो तेव्हा त्याला रस्ता आणि पाणी जरूर मागा. त्याचबरोबर एवढेही विचारा, की तुम्ही ज्याला मत देणार आहात तो माणूस रात्री आलेला कागद सकाळपर्यंत थांबवून ठेवील का?