सकाळची जुडी, दुपारची जुडी

मे महिन्यात बोरिवली स्टेशनबाहेर पालेभाजी घ्यायची तर सकाळी आठच्या आत जावं. कोथिंबिरीची जुडी तेव्हा ताठ असते, मुळांना ओली माती असते आणि भाजीवाली भावात एक रुपया सोडत नाही. अकरापर्यंत तीच जुडी मान टाकते. ओल्या गोणपाटाखालच्या जुड्या ती सारख्या खालीवर करते, पाणी मारते, पिवळी पानं खुडून टाकते. प्रत्येक खुडण्यासरशी जुडी बारीक होत जाते. दुपारी ती आपणहून भाव उतरवते, कारण संध्याकाळपर्यंत हा माल टिकायचा नाही.

पालेभाजी उन्हाळ्यात महाग का, याचं निम्मं उत्तर या टोपलीतच आहे. विहिरी आटल्यामुळे लागवडच कमी, त्यात निघालेल्या मालातला बराचसा वाटेत कोमेजतो. फेकलेल्या जुड्यांचे पैसे विकलेल्या जुड्यांतूनच निघावे लागतात. म्हणून दुपारच्या उतरलेल्या भावात आणखी घासाघीस करणं मला पटत नाही.

लिंबाचं दुखणं आदल्या पावसाळ्यात सुरू होतं. उन्हाळ्यात हाती येणारं लिंबू हस्त बहाराचं, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्याचं. बहार धरायचा तर झाडाला आधी पाण्याचा ताण द्यावा लागतो, आणि नेमका तेव्हा पाऊस चालू असतो. ताण बसत नाही, फुलं कमी येतात, आणि सरबताच्या दिवसांत लिंबू तुटवड्याचं होतं. २०२२च्या एप्रिलमध्ये मुंबईत एकेक लिंबू दहा-दहा रुपयांना घेतलेलं अनेकांना आठवत असेल.

ताडगोळ्याला मात्र हेच ऊन मानवतं. गोराई-उत्तन, वसई, पालघरच्या ताडांवरून उतरवलेले घड मार्चपासून उपनगरांत येऊ लागतात. कोयत्याच्या घावाने फळाचा माथा उडवला की बहुधा तीन डोळे दिसतात. अंगठा कडेने आत घालून गर अख्खा बाहेर काढायचा, हे खरं कसब. नख लागलं की आतलं पाणी सांडलं, आणि पाणी सांडलेला गोळा कुणी घेत नाही.

"मावशी, कोवळे द्या."

"पाणीवालेच देते. दाबू नका तेवढं."

ती स्वतःही दाबत नाही, नुसता तळहातावर घेऊन पाहते. कोवळा गोळा थरथरतो आणि त्याची साल दुधी, अर्धपारदर्शक असते. जून गोळा घट्ट, पांढराफटक. दोन्ही एकाच घडातून निघतात, आणि फळ फोडल्याशिवाय आत काय आहे ते तिलाही नक्की कळत नाही. गिऱ्हाईक डझनाचा भाव ऐकून नाक मुरडतं, पण त्या भावात ताडावर चढणाऱ्याची मजुरी, पहाटेची लोकल आणि बाजूला पडलेले जून गोळेही असतात. ते जून गोळे ती डझनात मोजत नाही. कुणाबरोबर लहान मूल असलं तर एखादा त्याच्या हातावर ठेवते. मुलांना तो चावून खायला आवडतोही.